भिंतीला टेकवलेले स्पीकर

शेजारी हळदीचे स्पीकर सुरू झाले आणि खिडकीची काच थरथरायला लागली. नेरे गावातल्या माझ्या माहेरच्या घरातलीही एकदा अशीच थरथरत होती.

तेव्हा ताईची हळद होती आणि दुसऱ्या दिवशी माझा बारावीचा फिजिक्सचा पेपर. मी अनुनादाचा धडा वाचत होते, स्पीकर माझ्याच भिंतीला टेकवलेले. आवाज कमी करा म्हटल्यावर बाबा म्हणाले, "घरात हलद हाय, लोकं काय बोलतील? पेपर काय, परत देता येल."

नापास झाले. परत पेपर द्यायच्या आधी मलाच हळद लागली.

उद्या माझ्या मुलीचा फिजिक्सचा पेपर आहे. आता माझ्याकडेच राहणारे बाबा काठी टेकत शेजारी गेले. "नातीचा पेपर हाय, आवाज कमी करा."

लगेच काच शांत झाली.

एवढंच करायचं होतं, बाबा.