संत्र्याच्या बागेखालचा वायू

माझं लहानपण कोराडीच्या कॉलनीत गेलं. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची आणि आई ती झटकून मगच घड्या करायची. वडील वीज केंद्रात होते. कोळसा जळतो म्हणून घरात दिवा लागतो, एवढंच मला कोळशाबद्दल माहीत होतं. पुढे भूगर्भशास्त्र शिकले आणि काम मिळालं ते नेमकं उलटं. कोळसा जाळून धुराड्यातून जाणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि जमिनीखाली खोलवर, जिथून कोळसा कधी काढलाच जाणार नाही अशा थरात सोडायचा, असा एक लहानसा प्रयोग कळमेश्वरच्या पुढे चालू होता. तो वायू खालीच राहतो की वर येतो, यावर नजर ठेवणं माझ्याकडे होतं.

बोअर मारताना खालून काढलेला कोळशाचा दांडका मी पहिल्यांदा हातात घेतला, तो दिवस मला आठवतो. एका जागी तो उकलला होता आणि आत पान होतं. मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या बारीक रेषा, सगळं जसंच्या तसं. डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं त्या तुकड्यात होती आणि वायू त्यांच्या भिंतींना चिकटून राहतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मुठीत मावणाऱ्या कोळशातल्या त्या भिंती उलगडून पसरल्या तर अख्खं मैदान झाकलं जाईल, हे मात्र हातात वजन आल्यावरच खरं वाटलं. बराच वेळ मी तो खाली ठेवला नाही.

आमच्या बोअरला लागूनच एका बाईंची संत्र्याची बाग होती. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांच्या परवानगीने बागेत ठिकठिकाणी आम्ही मोजायच्या जागा केल्या होत्या. उपड्या भगुण्यासारखं झाकण मातीवर ठेवायचं, त्याची नळी यंत्राला जोडायची आणि मातीतून किती वायू येतो ते पाहायचं. मावशी कधी कधी शेजारी उभ्या राहून बघायच्या.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी बोअरजवळच्या जागेवर आकडा एकदम वर गेला. मी झाकण काढून परत लावलं. यंत्र बदललं. आकडा तसाच. मी प्रयोग सांभाळणाऱ्या आमच्या सरांना फोन केला. त्यांनी लगेच खाली वायू सोडणं थांबवलं आणि मातीतल्या हवेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायला सांगितले. बागेत काय सांगायचं, असं मी विचारलं. निकाल येईपर्यंत थांबावं, उगाच घबराट नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, हा वायू हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो, तिथे माणूस गुदमरतो, आणि मावशींचा गडी मोटार दुरुस्त करायला विहिरीत उतरतो. सर म्हणाले, "जा, सांगून ये."

मावशी गोठ्यात होत्या. मी जे होतं ते सांगितलं. त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली.

"खरं सांग वं, खालचं वर येऊन राहिलं का?"

"मला अजून माहीत नाही, मावशी. कळेपर्यंत विहिरीत कोणी उतरू नका."

त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. गड्याला हाक मारून त्यांनी विहिरीकडे जायला मनाई केली आणि गायी वरच्या अंगाला नेऊन बांधल्या.

निकाल येईपर्यंतचे दिवस फार जड गेले. कामावर येता-जाता नागपुरात सीताबर्डीला मेट्रो बदलताना गर्दीत उभी असले तरी डोळ्यांसमोर ती विहीर यायची. खाली सोडतानाच आम्ही त्या वायूत किंचितसा खुणेचा वायू मिसळला होता. तो नमुन्यात सापडला, तर गळती आमचीच.

खूण सापडली नाही. उलट, कार्बन डायऑक्साइड जेवढा वाढला होता, जवळपास तेवढाच मातीतला ऑक्सिजन कमी झाला होता. म्हणजे मातीतल्या जिवाणूंनी आणि मुळांनी श्वास घेतला होता. त्याच जागी मावशींनी शेणखत घालून पाणी सोडलं होतं. खालच्या थरातला दाबही जागचा हलला नव्हता. त्या थरावर झाकणासारख्या बसलेल्या काळ्या पाषाणाखाली सगळं निवांत होतं.

त्या दुपारी मी धावतच बागेत गेले. ऐकून मावशी म्हणाल्या, "मंग हे श्वास घेणारं कोन होय? दाखव मले."

मी झाकण मातीवर ठेवलं. यंत्रावरचा आकडा हळूहळू चढू लागला. त्या उकिडव्या बसून एकटक बघत होत्या. मी इतकी वर्षं हे मोजत होते, पण त्यांच्या शेजारी बसून बघताना मला वाटलं, आपण कुणाच्या तरी छातीवर हात ठेवलाय.

"जित्ती हाये वं हे माती," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मग त्यांनी मला बागभर फिरवलं. संत्र्याच्या बुंध्याशी, शेताच्या कडेच्या धुऱ्यावर, कडुनिंबाखाली, खताच्या ढिगाजवळ, प्रत्येक जागी झाकण ठेवायला लावलं. खताच्या ढिगाजवळ आकडा असा काही चढला की त्यांना हसू फुटलं. माझी बस निघून गेली. मावशींनी चूल पेटवली आणि मी तिथेच जेवले.