जाऊबाईंचा दंडादेश

आमच्या कोर्टात दंडादेशाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला सगळे धाकटी म्हणतात. घरात ती धाकटी सून, आणि हे नाव तिनेच चिडून कामावर आणलं. "थोरलीपुढे मी जन्मभर धाकटीच!" थोरली जाऊ नदीपलीकडच्या देशात राहते, तिथल्या कोर्टात हेच काम करते. पगार जास्त, खिडकीतून झाडं दिसतात आणि सासूबाईंच्या तोंडी सदा तिचंच कौतुक. मी शेजारच्या टेबलावर, त्यामुळे धाकटीचं जळणं मला रोज डब्याबरोबर ऐकावं लागतं. एकदा म्हटलं, दुरून डोंगर साजरे. "दूर कुठला? पुलावरून दिसतो गं तो डोंगर!"

किरकोळ गुन्ह्याला दोन्हीकडे लगेच खटला भरत नाहीत. न्यायाधीश कागद बघून शिक्षा ठरवतात आणि तसा आदेश, म्हणजे दंडादेश, घरी जातो. फरक एवढाच, की पलीकडे आरोपीने सही करून मान्य केलं तरच शिक्षा लागते, नाहीतर खटला चालतो. इथे उलटं. दोन आठवड्यांत लेखी हरकत आली नाही, की शिक्षा कायम आणि माणूस गुन्हेगार. "आमच्याकडे, बाई, माणसाला विचारतात तरी," थोरली दर भेटीत ऐकवायची, आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

यंदा सुट्टीला इकडे आलेल्या थोरलीच्या गाडीचा एका उभ्या गाडीला धक्का लागला आणि ती तशीच निघून गेली. तिच्या नावाचा आदेश धाकटीच्याच टेबलावरून रवाना झाला. पोच आली, हरकत काही येईना.

"सही केली नाही म्हणजे झालं, असं वाटत असणार," धाकटी म्हणाली. "कोर्टातली बाई ना, मागच्या पानावरची हरकतीची सूचना कशाला वाचेल!"

"शिक्षा कायम झाली तर तिची नोकरी?"

"जाईल." आणि ती चक्क गुणगुणत शिक्के मारू लागली. मला तिचा राग आला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र तिने जेवण अर्ध्यावर सोडलं. डबा तसाच झाकून तिने फोन उचलला.

"वहिनी, आजच हरकत द्या."

"अगं, मी सहीच केलेली नाही. आमच्याकडे..."

"खड्ड्यात गेलं तुमच्याकडे! इथे गप्प बसलं की गुन्हा कबूल. नोकरी हवीये ना? मग निघा आत्ता!"

कोर्ट बंद व्हायच्या आत थोरली धापा टाकत पोचली. पुढे खटला झाला. धक्का लागल्याचं तिला कळलंच नव्हतं, हे न्यायाधीशांना पटलं आणि ती निर्दोष सुटली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. "किती धीराची माझी पोर!" फोनचा विषय कुणी काढला नाही, थोरलीनेही नाही.

घरातलं हे धाकटीने सांगितल्यावर मी विचारलं, "मग केलास कशाला फोन?"

"वाटलं, तिच्यावर उपकार केले की माझं जळणं थांबेल." तिने नवा गठ्ठा पुढे ओढला. "ती सुटली गं. मी कुठे सुटले?"