झिपरूची गाडी आणि दोन अवतरणचिन्हं

द्वारका चौकाजवळच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या मीनाताईंना राग आला की त्या ओरडत नसत. चष्मा काढून पदराने पुसत. अकरा वर्षांपूर्वी कळवणहून फोन उचलायच्या नोकरीला आलेली ही बाई, मालकाने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स शिकली. तेव्हापासून हमालांपासून मालकापर्यंत ज्याचं त्याचं अडलेलं तिच्याच टेबलाशी येई. त्या सोमवारी सकाळी चष्मा तीनदा पुसून झाला होता.

त्याचं झालं असं. गेटपास काढायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली होती मालकाच्या जावयाने, कुंदनने. ड्रायव्हरने गाडीचा नंबर, मुक्काम आणि आपलं नाव टाइप करायचं, की पास छापून येई. पेठकडचा झिपरू पाचच दिवसांपूर्वी कामाला लागलेला. त्याने नंबर पाटीवर रंगवलाय तसाच, मध्ये जागा सोडून टाइप केला. पास आला तो असा: गाडी एमएच, मुक्काम १५, चालक सीके. वॉचमनने फाटक उघडलं नाही. गाडीत कोथिंबीर, वर ऊन.

"लिहिता-वाचता न येणाऱ्यांना गाड्या देता कशाला?" म्हणत कुंदनने भिंतीवरच्या फळ्यावर, ड्रायव्हरांच्या यादीतलं झिपरूचं नाव हातानेच पुसलं. "उद्यापासून येऊ नको."

"साहेब, सातवी झालोय मी," झिपरू दारातूनच म्हणाला. "पाटीवर हाय तेच लिवलं."

"कुंदनराव, इकडे या," मीनाताई म्हणाल्या. त्यांनी पास छापण्याऐवजी प्रोग्रॅमच्या हाती काय पडतं तेच ओळीओळीने पडद्यावर काढलं. एका नंबराचे चार तुकडे, चार ओळी. "पहिला तुकडा गाडी झाला, दुसरा मुक्काम, तिसरा चालक. त्याने बरोबर लिहिलं. तोडलं तुमच्या स्क्रिप्टने."

"मग जागा न सोडता लिहावं. बाकीचे लिहितात की."

"आणि उद्या गाडी पिंपळगाव बसवंतला निघाली तर? गावही चिकटवून लिहायचं?"

कुंदन पडद्यावरच्या ओळी बोटाने मोजू लागला.

"कोथिंबिरीची जुडी दोरीमुळे जुडी असते. दोरी सोडली की नुसत्या काड्या. स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलला मोकळी जागा दिसली की ते तिथे तोडतं. टाइप केलेलं ज्यात साठतं त्या व्हेरिएबलच्या दोन्ही अंगांना दुहेरी अवतरणचिन्हं घातली की सगळं मिळून एकच. एवढीशी दोरी बांधली नाहीत, आणि माणसाला अडाणी ठरवून मोकळे झालात."

बोलता बोलता त्यांनी तिन्ही ठिकाणी चिन्हं घातली. नवा पास निघाला. नंबर अख्खा, मुक्काम अख्खा, झिपरूचं नाव बापाच्या नावासकट. झिपरूने हात पुढे केला. ताईंनी पास दिला नाही. खडू उचलून कुंदनपुढे ठेवला.

"आधी फळ्यावर."

"मीनाताई, ड्रायव्हरसमोर बरं दिसतं का?"

"पुसलंत त्याच्यासमोरच ना?"

कुंदनने नाव लिहिलं. मगच पास झिपरूच्या हाती गेला.

"निघतो ताई, माल सुकाया लागला," म्हणून तो पळाला.

फाटक उघडल्याचा आवाज आला. मीनाताईंनी चौथ्यांदा चष्मा काढला.

"कुंदनराव, बसा खाली. तुमच्या बाकीच्या स्क्रिप्टा उघडा."