खडे निवडणारा बालवर्ग

नबीलाल मास्तरांच्या अंगात एकच मोठा दोष होता आणि तो ते स्वतःच चारचौघांत सांगत. एकदा बोलायला लागले की थांबायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. राहुरीच्या पलीकडे, मुळेच्या काठावरच्या एका गावात ते चौथीपर्यंतची शाळा चालवीत. पाच आणि पाच दहा एवढं सांगायला त्यांना अर्धा तास लागे, कारण वाटेत माणसाला बोटं कशी आली तेही यायचं. अशा माणसाला पंचेचाळीस साली बालशिक्षणाच्या वर्गाला पुण्याला धाडलं, आणि तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं काय? तर शिक्षकानं गप्प बसावं! मूल आपल्या वाढीचा रस्ता आपणच काढतं, मोठ्यांनी मधे लुडबुड करू नये. मास्तर पुढं म्हणायचे, "अल्लाची करणी बघा, आख्ख्या जिल्ह्यातून नेमका मलाच धाडला."

परत आल्यावर त्यांनी चावडीत गाव गोळा केलं आणि शिक्षकानं गप्प का बसावं, या विषयावर दिवेलागणीपर्यंत भाषण ठोकलं. तीन ते सहा या वयात मुलाच्या हाताला कामाची भूक असते, ती भागली की डोकं आपोआप चालायला लागतं, पण भूक लागण्याआधी घास कोंबू नये, असं बरंच काही. शेतकऱ्यांना पटावं म्हणून त्यांनी वाफशाचा दाखला दिला. रानात वाफसा आल्याशिवाय, ओल बेताची झाल्याशिवाय, कुणी पेरतं का? पोराचंही तसंच.

शाळा कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले की वाफसा आला म्हणजे तर खरी धावपळ करावी लागते, आणि मास्तर तर बसून राहा म्हणतात. चावडी हसली. मास्तरही हसले, कारण दाखला त्यांचाच होता आणि तो त्यांच्याच अंगावर आला होता. तरी आप्पासाहेब मनानं मोठे. आपल्या रिकाम्या गोदामाची ओसरी त्यांनी बालवर्गाला दिली, पण होळीपर्यंतच. तोवर काही दिसलं तर ठीक, नाहीतर गोदामात रेशन दुकानाची पोती यायची होती आणि त्यांच्या चढउताराला ओसरी हवीच होती.

बालवर्ग सुरू झाला. पुण्याला पाहिलेली रंगीत लाकडी साधनं आणायला पैसा कुठला? मास्तरांनी लोटे, तांब्या, दोन केरसुण्या, चार सुपं आणि मूठमूठ मूग मांडले. पाणी ओतायचं, झाडायचं, निवडायचं. बायांनी तोंडाला पदर लावला. बनुबाई तर समोरच म्हणाली की केरसुणी धरायलाच धाडायचं तर आमच्या घरी काय केरसुणी नाही? तिची मनकर्णा साडेचार वर्षांची, मुलखाची घुमी. महिनाभर ती पोर खांबाला टेकून नुसती बसली. एक शब्द नाही की एक मूग उचलला नाही. तिला काही सांगायला मास्तरांची जीभ नुसती वळवळायची, म्हणून ते गालात लवंग धरून बसत. घरी गेल्यावर सकीनाबीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, दिवसभराचं साठलेलं ऐकावं लागे.

मग एक दिवस मनकर्णानं सूप ओढलं आणि दुपारपर्यंत मुगातले खडे वेचले. मान वर केली नाही. शेजारी दोन पोरं भांडली, कुत्रं येऊन गेलं, तिला पत्ता नाही. मास्तरांचे डोळे भरून आले. पुण्याला ज्याला एकाग्रता म्हणत होते, ती त्यांच्या ओसरीत परकर नेसून बसली होती. ते धावत घरी गेले आणि सकीनाबीला सगळं रंगवून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली की आपल्या ज्वारीतही पुष्कळ खडे आहेत. बायकोला तत्त्वज्ञानाचं वावडं आहे असं मनाशी म्हणून मास्तर जेवायला बसले.

त्यानंतर बालवर्ग असा भरायला लागला की बघत राहावं. पोरं वेळेआधी हजर. इतकंच नाही, जो तो येताना घरून फडक्यात बांधून धान्य आणू लागला, आणि संध्याकाळी निवडलेलं परत नेऊ लागला. मास्तरांना वाटलं, पालक जागे झाले! आपापल्या घरून शिक्षणाचं साहित्य पाठवतात! कुणी भेटलं की ते बालवर्गाची कीर्ती सांगत सुटत. होळी आठ दिवसांवर आल्यावर चावडीतही त्यांनी तेच सुरू केलं, तेव्हा आप्पासाहेबांना राहवेना.

"मास्तर, निम्म्या गावाचं रेशन तुमच्या ओसरीत निवडून निघतंय," ते म्हणाले. "ती लाल ज्वारी म्हंजे निम्मं खडं. बाया खूश हायत, दुसरं काय न्हाई."

मास्तरांनी जोरात नाही म्हटलं. तावातावानं घरी आले, भाकरीचा तुकडा मोडला, दोन घास चावले आणि थांबले. गेले कितीतरी दिवस आपल्या भाकरीत खडा लागलेला नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी सकीनाबीकडे पाहिलं. ती तव्यावरची भाकरी उलटण्यात एकदम गर्क झाली. मास्तरांच्या घरची ज्वारीही शेजारच्या मनकर्णाच्या गाठोड्यातून रोज शाळेत जात होती. म्हणजे आख्ख्या गावात एकच शहाणा ठकला होता आणि त्याच्याच घरात ठकवणारी भाकरी थापत होती.

बरं, झालं ते झालं म्हणून गप्प बसावं की नाही? पण नाही, अंगात अभिमान शिरला. दुसऱ्या दिवशी चावडीत जाऊन त्यांनी जाहीर केलं की उद्यापासून घरचं धान्य बंद, पोरं आपल्या इच्छेनंच येतील. आप्पासाहेब म्हणाले की मग उद्याच बघू. धान्याशिवाय एक जरी पोर आपणहून आलं तर ओसरी तुमची, नाहीतर दुपारी पोती येतील.

सकाळ झाली आणि ओसरीत कावळासुद्धा फिरकला नाही. निवडण घरीच करायचं तर पोर घरीच बरं, असा बायांनी सरळ हिशेब केला होता. मास्तर एकटे बसून राहिले. त्या रिकाम्या सुपांकडे बघवेना. ओसरी जाईल याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती मनाला खात होती. त्या चिमुरड्यांत जीव गुंतला होता, आणि त्यांच्या लेखी आपण सुपाचे राखणदार होतो की काय? मूल आपणहून येतं, त्याला बोलवू नये, असं तत्त्व म्हणतं. मास्तरांनी खिशात गूळ-शेंगदाणे भरले आणि तत्त्व ओसरीत ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथं लाज वाटली. उभ्या उभ्या काळजीनं गूळ-शेंगदाणे स्वतःच खाल्ले आणि परत आले.

ऊन डोक्यावर आलं. आप्पासाहेब गोदामाची किल्ली घेऊन आले. त्यांनी कुलपाला हात घातला, एवढ्यात गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. मनकर्णा पळत येत होती. परकराच्या ओच्यात ज्वारी घट्ट धरलेली, वाटभर सांडत चाललेली, आणि मागं बनुबाई हातात काठी घेऊन. पोर ओसरीत शिरली, सूप ओढलं, ओचा रिकामा केला आणि बसली वेचायला.

बनुबाई धापा टाकत म्हणाली की घरी बसून निवड म्हटलं तर ऐकत नाही, सगळं धान्य मातीत घातलं, हिला आता घरीच नेते. मास्तर कासावीस झाले. घरच्या ज्वारीला कालच बंदी घातली होती, आणि ती ज्वारी समोर सुपात पडली होती. आता आप्पासाहेब काय म्हणणार?

आप्पासाहेब पोरीजवळ खाली बसले. "घरी बी खडंच येचायचं हुतं," ते म्हणाले. "मग हितं कशाला पळून आलीस गं?"

मनकर्णानं मान वर केली नाही. एक खडा वेचून बाजूला ठेवला, दुसरा ठेवला, आणि आजवर त्या ओसरीत कधी न बोललेली पोर बोलली.

"घरी आय लई घाई करती. मास्तर गप बसत्यात."

बनुबाईच्या हातातली काठी खाली आली. ती पायरीवर टेकली. घाईनं पळत आली होती, आता उठायची तिला घाई दिसेना. आप्पासाहेबांनी किल्ली कनवटीला खोचली आणि पोती दुसरीकडं उतरवायला सांगायला गेले.

मास्तरांच्या ओठांवर एक आख्खं भाषण येऊन उभं राहिलं होतं. त्यात पुणं होतं, वाफसा होता, मुलाच्या वाढीच्या सगळ्या पायऱ्या होत्या. एवढे महिने गालात लवंग धरून बसलो ते आपलं अपंगपण असंच ते समजत आले होते, आणि या पोरीनं त्यांच्या सगळ्या विद्येतून नेमकं तेवढंच उचललं होतं. त्यांनी भाषण गिळलं आणि दुसरं सूप ओढून मनकर्णाच्या शेजारी गप्प बसले.