थंड खोलीतला तारामासा

ब्रह्मपुरीत मे महिन्याच्या दुपारी जो घराबाहेर पडतो, तो एक तर वेडा असतो, नाही तर त्याचं कोणी तरी दवाखान्यात असतं. बाकीचे लोक कूलरसमोर आडवे होतात आणि संध्याकाळची वाट पाहतात. पण गेली काही वर्षं गावात आणखी एक प्रकार निघाला होता. ही मंडळी भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून बागेजवळच्या मत्स्यालयात जायची आणि आतल्या थंड खोलीत टाकीच्या काचेला गाल लावून उभी राहायची. माशांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तिकीट काढायचं आणि गारवा खायचा. तिथला राखणदार कय्यूम त्यांना हाकलत नसे. "गाल लावा बाप्पा, पण काच ठोकू नका," एवढंच म्हणायचा.

हे मत्स्यालय राईस मिलवाल्या गुणवंतरावांचं. त्यांची मुलगी नीलिमा कॅनडात असते. तिच्याकडे महिनाभर राहून आले, तिथे थंड समुद्रातले जीव पाहिले, आणि आपल्या गावातही ते असावेत असं डोक्यात घेऊन परतले. आता ब्रह्मपुरी कुठे, समुद्र कुठे! गावातल्या निम्म्या लोकांनी साधा समुद्र पाहिलेला नाही, आणि हा माणूस थंड समुद्र आणायचं म्हणतो. लोक हसले, अर्थात गुणवंतरावांच्या पाठीमागे. पण मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पेट्या खरंच आल्या. त्यात समुद्रफुलं होती, म्हणजे दिसायला फुलं पण मासळीचे तुकडे खाणारे जीव, आणि एक तारामासा होता. त्यांचं पाणी बारा अंशांवर ठेवावं लागे. बाहेर सत्तेचाळीस! म्हणजे निम्मं काम फ्रिजवाल्याचंच. म्हणून बसस्टँडमागे फ्रिज-कूलर दुरुस्त करणाऱ्या कय्यूमला बोलावणं गेलं, आणि तो तिथला राखणदारच झाला.

त्या दिवसांत कय्यूम दुकान उघडायचा ते केवळ हाताला सवय होती म्हणून. आदल्या उन्हाळ्यात त्याचा एकुलता एक मुलगा वाजिद गेला होता. कूलर दुरुस्तीसाठी लांबच्या एका खेड्यात मोटरसायकलनं गेला, येताना गाडी बंद पडली, म्हणून जंगलातल्या रस्त्यानं पायीच निघाला. लोकांना तो पळसाखाली सापडला. ऊन लागलं होतं. हातात पाण्याची बाटली होती. बातमी घरी आली तेव्हा रहमतबीनं, वाजिदच्या आईनं, सांगायला आलेल्यांना एकच प्रश्न विचारला.

"बाटलीत पाणी होतं का जी?"

नव्हतं. ते खरं होतं आणि लोकांनी खरं तेच सांगितलं. त्या वेळी एकाला तरी खोटं बोलायचं सुचायला हवं होतं.

तारामाशाचा एक हात प्रवासातच तुटला होता. पाचाच्या जागी चार हात आणि एक थोटूक. गुणवंतराव म्हणाले, "हा काही दाखवण्यासारखा नाई राह्यला, फेका." कय्यूमनं फेकला नाही. चिमट्यानं शिंपल्यांतल्या मांसाचे तुकडे त्याच्या पोटाखाली सरकवत राहिला. आणि हळूहळू थोटकातून एक नवा हात यायला लागला. आधी तांदळाच्या कणीएवढा, मग तीळपापडीच्या तुकड्याएवढा. कय्यूम रोज सकाळी तो पाहायला जायचा. कोणाला सांगितलं नाही, पण वाजिदनंतर ज्यासाठी घाईघाईनं अंथरुणातून उठावंसं वाटलं, अशी ती पहिली गोष्ट होती. त्या जिवावर त्याची माया जडली. शेणाच्या रंगाचा, न बोलणारा, न ओळखणारा तो प्राणी, पण जडली.

रहमतबीला सुरुवातीला हे सगळं थोतांड वाटे. मुंबईहून आलेलं शिंपल्यांचं मांस तिच्याच फ्रिजमध्ये ठेवलेलं असे, आणि कोणी पाहुणा बर्फ मागायला उठला की ती ओरडायची, "वरचा डबा उघडू नका, तो यांच्या समुद्रातल्या जावयाचा हाय." पण एकदा संध्याकाळी मत्स्यालयात आली, काचेवर चिकटलेला तारामासा आणि त्याचा नवा हात खूप वेळ पाहत राहिली.

"तुटलेलं परत येते?" तिनं विचारलं.

"याचं येते."

"मंग माणसाचं काऊन नाई येत जी?"

कय्यूम काचेवर साचलेलं दव पुसत राहिला.  त्यानंतर ती रोज यायला लागली.

दर उन्हाळ्यात वाजिदच्या नावानं ती मत्स्यालयाच्या फाटकाशी कडुनिंबाखाली सबील लावायची. सबील म्हणजे आपली पाणपोईच, फक्त गेलेल्याच्या नावानं घातलेली, त्याच्या जिवाला गारवा मिळावा म्हणून. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले रांजण, आत वाळ्याची जुडी. पहाटे स्वतः भरायची. ऊन उतरेपर्यंत तिथेच बसायची. रिक्षावाला असो, शाळेतलं पोर असो, तिच्या हातचा पेला अर्धा ठेवून कोणाची जायची टाप नव्हती. "पुरा प्या," ती दटावायची, "पुरा पिल्याशिवाय जाऊ नका." शेजारपाजारचे म्हणायचे, सबीलनं बाई सावरली. खरंच सावरली होती. इतकीच सावरली होती, की तो रांजण काढून घेतला तर मागे काय उरेल याचा विचार कय्यूम करत नसे.

यंदाच्या मेमध्ये एका सकाळी पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. आवाज नाही, धूर नाही, कालपर्यंत ठणठणीत आणि आज मेलेलं. आतला जळलेला भाग नागपूरशिवाय मिळण्यासारखा नव्हता. गुणवंतराव एका लग्नाला मुलचेरा गावी गेलेले. कय्यूमनं बसकडे धावता धावता रहमतबीला थंड खोलीत बसवलं.

"बरफाच्या बाटल्या टाकीत सोडत राह्य. पिघळली का काढ, दुसरी सोड. झाकणं मात्र पक्की लाव."

"लावतो ना. तुमी जा."

झाकणं पक्की का लावायची, ते त्यानं सांगितलं नाही. घाई होती. शिवाय जी गोष्ट आपण रोज पाळतो ती समोरच्यालाही ठाऊक असणार, असं माणूस धरूनच चालतो. खारट समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी म्हणजे विष. ते अंगात शिरतं आणि आतून त्याला खलास करतं. मुंबईच्या व्यापाऱ्यानं पहिल्या दिवशी फोनवर कय्यूमला सगळ्यात आधी हेच बजावलं होतं. घरी मात्र हे कधी बोलण्यात आलंच नाही.

संध्याकाळी तो पिशवी छातीशी धरून परत आला तेव्हा थंड खोलीत अंधारलं होतं. लाईट गेलेली. अख्ख्या जिल्ह्यातून वीज बाहेर जाते आणि आमच्याकडे मेमध्ये पंखा फिरत नाही, हे एक आमचं कौतुकच आहे. रहमतबी फरशीवर बसली होती. समोर घमेलं होतं. घमेल्यात पाणी, आणि पाण्याच्या तळाशी तारामासा पडला होता, मऊ, पांढुरका, पाचही हात सैल सोडलेले.

"लाईट गेली जी," ती म्हणाली. "बाटल्या भराभर पिघळल्या. कुल्फीवाल्याकून बरफ आणला, तो बी बाटल्यांतच भरला, तुमी सांगतलं तसा. पण हा काचेवरून सुटला न् खाली पडला. हात ढिले पडले त्याचे. मले राह्यवलं नाई. मी त्याले उचलला न् सबीलच्या पाण्यात ठेवला. गारेगार पाणी होतं. पाण्यात गेल्याबरोबर हात हलवले ना त्यानं! असे वर उचलले. पिऊन राह्यला होता जी, मले दिसलं. मी पाणी बदलून बदलून देल्लं. मंग शांत झाला."

घमेल्यातून वाळ्याचा वास येत होता.

कय्यूम टाकीकडे गेला. पाण्याचं तापमान चढलं होतं, पण फार नाही. समुद्रफुलं आक्रसून दगडाला चिकटली होती. त्यानं एकाला बोट लावलं. फुलानं अंग आत ओढून घेतलं. दुसऱ्यानंही. जिवंत होती. सगळी जिवंत होती. म्हणजे तोही जगला असता. काचेवरून पडला होता, मेला नव्हता. तिनं फक्त बाटल्या बदलत राहायला हवं होतं.

त्याच्या मस्तकात तिडीक गेली. ज्या हाताच्या वाढीवर त्यानं एवढे दिवस काढले, तो हात त्या घमेल्यात पडला होता. काय केलंस हे बाई, कोणी सांगितलं होतं तुला, असं ओरडण्यासाठी तो वळला. शब्द अगदी ओठांवर होते.

रहमतबीनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"गेला तं गेला," ती म्हणाली. "पण माझ्या वाजिदसारखा तहानलेला नाई गेला. हो ना जी?"

कय्यूम तिच्यासमोर फरशीवर बसला.  मग म्हणाला, "हो. पोटभर पिऊन गेला."

त्यानं यंत्र जोडलं आणि लाईट आल्यावर सुरू केलं. तारामाशाला बागेत जांभळीखाली पुरलं. खड्डा रहमतबीनं स्वतः लिंपला, वरून पेलाभर पाणीही शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव परत आले ते तापूनच. मुंबईच्या व्यापाऱ्याला त्यांनी फोन केला होता. फाटकाशीच, रांजणासमोर, त्यांनी कय्यूमला गाठलं. रहमतबी तिथेच पेले विसळत होती.

"कय्यूमभाऊ, तो मुंबईवाला काय म्हणते आयका. म्हणते, बाकीचे जगले न् एकटा तारामासाच मेला, म्हणजे त्याले गोडं पाणी..."

"त्याले काय कळते तिथी बसून!" कय्यूम एवढ्या जोरात बोलला की गुणवंतराव थबकले. त्यांच्याशी या आवाजात गावात कोणी बोलत नसे. मग कय्यूमनं आवाज उतरवला. "माझी चूक झाली, भाऊ. मशीन हप्ताभर आवाज करून राह्यली होती. मले आयकू येत होतं. मी म्हटलं, चालन अजून. तो गरमीनं गेला."

फ्रिजवाल्या माणसानं हे चारचौघांत स्वतःविषयी बोलणं म्हणजे सोनारानं आपण सोन्यात भेसळ करतो असं सांगण्यासारखं होतं. शेजारच्या घरातला फ्रिज बिघडला तर जेवता जेवता ज्याला इकडे कळायचं, त्या कय्यूमचा तो लौकिक त्या दिवशी संपला. खरं तर मशीननं क्षणभरही आवाज केला नव्हता.

"आयकू येत होतं, न् बसून राह्यले?" गुणवंतराव म्हणाले. "तुमच्याकून ही उमेद नव्हती." त्यांनी हात पुढे केला. कय्यूमनं थंड खोलीची किल्ली कमरेच्या गोफातून सोडवली आणि त्यांच्या हातात ठेवली. आता नागपूरहून दुसरा माणूस आणू, असं काहीसं बोलत ते आत गेले.

रहमतबी पेला हातात धरून उभी होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता, आणि रागही आलेला होता.

"काऊन नाई पाह्यली तुमी मशीन? वेळेवर पाह्यलं असतं तं आज तो जगला असता बिचारा."

"हो," कय्यूम म्हणाला. "जगला असता."

 मग तिला त्याची कीव आली असावी. ऊन चढत होतं आणि त्यानं सकाळपासून काही घेतलं नव्हतं. तिनं रांजणात ओगराळं बुडवलं, पेला काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे केला.

"घ्या. बसून प्या."

कय्यूम कडुनिंबाच्या सावलीत खाली बसला. बिस्मिल्ला म्हणाला आणि रीतीप्रमाणे तीन घोटांत पेला रिकामा केला. पाणी थंड होतं, वाळ्याच्या वासाचं.

"अजून देऊ?" तिनं विचारलं.

"दे," तो म्हणाला.