कुरुंद्याच्या गल्लीतली तार

लायसन्स हातात आलं की माणूस ड्रायव्हर होतो, असं मला वाटायचं. पुसेगावजवळच्या आमच्या तांड्यातही सगळ्यांना तसंच वाटायचं. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालायचे, मग तुला काय अवघड, असं जो तो मला सांगायचा. त्या बैलांना क्लच नव्हता, हे कोणी लक्षात घेत नव्हतं.

ट्रक वसमतच्या एका मालकाचा होता. तो चालवणारे उस्ताद साठीला टेकले होते. मोतीबिंदूमुळे समोरच्या गाडीचे दिवे त्यांना फुटल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा त्यांनी आपणहून मालकाला दुसरा माणूस बघायला सांगितलं. तो दुसरा माणूस मी. हळदीची एक खेप सांगलीला न्यायची होती. गाडी मी चालवायची, उस्तादांनी शेजारी बसून बघायचं आणि रस्त्याला लागल्यावर मालकाला काय ते सांगायचं. ते हो म्हणाले तर ट्रक माझ्या हातात, नाही म्हणाले तर मी परत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. नांगरटीची धूळ खाऊन मला वीट आला होता. मला रस्ता पाहिजे होता आणि तो या माणसाच्या एका शब्दावर अडला होता.

उस्ताद फारसं बोलत नसत. मी गिअर टाकला की जिभेने नुसतं ‘चक्’ करायचे. वसमतपासून कुरुंद्यापर्यंत ते ‘चक्’ ऐकून माझं डोकं उठलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कुरुंद्यात व्यापाऱ्याच्या गोदामावर माल भरला. थरावर थर पोती, वर ताडपत्री, रस्सी करकचून आवळलेली. गल्लीतून बाहेर पडताना मध्येच एक विजेची तार खाली आलेली होती. येताना गाडी रिकामी होती, म्हणून आरामात निघाली. आता कोणीतरी मालावर उभं राहून बांबूने तार उचलून धरायची आणि गाडी खालून काढायची. खेड्यापाड्यांत माल भरणाऱ्यांचं हे रोजचंच काम. पण आमचा क्लीनर लग्नाला म्हणून गेला होता तो उगवलाच नव्हता. मी वर जातो म्हणालो, तर उस्तादांनी मला खालीच बसवलं. त्यांनी टोकाला टायरची रबरी ट्यूब गुंडाळलेला वाळका बांबू घेतला आणि रस्सीला धरून वर चढले. केबिनच्या टपावर एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चल.

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या चालीने काढली. ऊन डोक्यावर होतं, स्टिअरिंग हाताला भाजत होतं. आरशात फक्त भिंत, गाडीलगत चालणारे हमाल आणि मागे हॉर्न वाजवणारा एक ट्रॅक्टर. उस्ताद मला कुठेच दिसत नव्हते. टपावर एक ठोका पडला. मी थांबलो.

मग बराच वेळ काहीच नाही. क्लच दाबून पायाला रग लागली. आणि दोन ठोके ऐकू आले.

मी क्लच सोडायला लागलो. गाडी जागच्या जागी शहारली आणि माझा पाय परत खाली गेला. टपाचा पत्रा पातळ, त्याचा आवाज थेट डोक्यात पडतो. हा आवाज मागून आला होता, जाड आणि बद्द. तेवढ्यात हमालांचा मुकादम खिडकीशी आला. “काहून थांबला? म्या ठोकलं की दोनदा. घे फुडं.”

माल भरून झाला की हमाल मागच्या फळीवर दोनदा हात मारतात. ती त्यांची गाडीला निरोप द्यायची रीत. मुकादमाला खालून तार उचललेली दिसली आणि सवयीने त्याचा हात पडला. मी म्हणालो, उस्तादांनी ठोकलेलं नाही. तो हसला. ट्रॅक्टरवाला ओरडायला लागला, ओट्यावरची रिकामटेकडी मंडळी मला गाडी शिकवायला लागली. कान लाल झाले माझे. उस्तादांनी खरंच ठोकलं असेल आणि मी दगडासारखा बसलो असेन, तर सगळं इथेच संपणार होतं. तरी पाय उचलेना. शेवटी मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

तेव्हा मला उस्तादांचा आवाज ऐकू आला. “हलवू नको रे... हलवू नको...” आवाज पार बसला होता. किती वेळ ते इंजिनच्या आवाजावर ओरडत होते, देव जाणे.

मी उतरून समोरच्या ओट्यावर चढलो. दोन पोत्यांच्या फटीत त्यांचा पाय ताडपत्रीसकट गुडघ्यापर्यंत गेला होता. बांबू छातीशी घट्ट धरलेला, त्याच्या टोकावर तार, कपाळापासून जेमतेम हातभर. दोन्ही हात गुंतलेले, ठोकणार कशाने? गाडी जराशी जरी पुढे गेली असती तरी तार त्यांच्या तोंडावर आली असती.

मुकादम डीपीवरून गल्लीची लाइट बंद करायला धावला. तो परत येईपर्यंत मी ट्रकची चावी उंच धरून उभा राहिलो. “उस्ताद, चावी माझ्याजवळ हाय.” त्यांनी डोळे बारीक करून माझ्या हाताकडे बघितलं आणि ओरडायचे थांबले. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं.

लाइट गेली, हमालांनी त्यांना उतरवलं. मुकादमाने स्वतः पाणी आणून दिलं, पण त्यांच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

गावाबाहेर पडून रस्त्याला लागलो तोच मालकाचा फोन आला. मी गाडी कडेला घेतली. उस्तादांना नंबर नीट दिसत नाहीत, म्हणून ते फोन स्पीकरवरच ठेवत. मालकाने विचारलं, पोरगं कसं चालवतंय?

“लय भेऊन चालवून राहिला,” ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“गाडी त्यालाच द्या.”