खंडेनवमीची टॉमी

आकाराम पंक्चरवाला म्हटलं की उंब्रजात आजही लोक विचारतात, कोण, तो न बोलणारा? तोच. विचारणाऱ्याचा मला राग येतो. माणूस का बोलत नाही हे बघायला कुणाला फुरसत नव्हती. मला होती. जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी केली, ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणून घसा फोडला, आणि रिटायर होऊन घरी बसलो तर सून म्हणाली, दादा, जरा हळू बोलत चला. हळू बोलायला मी काय देवळातला पुजारी आहे? म्हणून सकाळचा चहा झाला की सायकल काढायची आणि आकारामच्या दुकानापुढच्या जुन्या टायरवर जाऊन बसायचं, हा माझा नेम झाला.

दुकान हायवेला नव्हतं. उंब्रज मागं टाकून चाफळकडं निघालं की ऊस सुरू होतो, तिथं रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आणि मागं राहायच्या दोन खोल्या. आकाराम मिलिटरीत गाड्यांच्या वर्कशॉपात होता. पेन्शनीवर आला तेव्हा लोक म्हणाले, अरे, हायवेला टाक दुकान, चार पैसे जास्त मिळतील. तो म्हणाला, हितं बरं हाय. त्याची बायको साळूबाई, धाकटी मुलगी क्रांती आणि थोरला शंभू. शंभू होता तोवर आकाराम बोलायचा, हसायचा, माझी नक्कलसुद्धा करायचा. घंटीची दोरी ओढायची माझी ढब त्याला बरोबर जमायची.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात हे सांगायला नको. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, आकाराम जॅक, पान्हे, हातोडा, हवेचा पंप आणि टॉमी पुजायचा. टॉमी म्हणजे रिमवरून टायर सोडवायची लोखंडी पट्टी. घासलेटनं धुवून सगळं गोणपाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा पुजलं की दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत हात लावायचा नाही. हत्यारालाही विसावा पाहिजे, असं म्हणतात.

एका वर्षी खंडेनवमीला एक ट्रकवाला हातापाया पडला आणि आकारामनं पुजलेली टॉमी उचलून त्याचं चाक करून दिलं. दिवाळीच्या तोंडावर शंभू तापानं गेला. शाळेत जाणारं पोर. ताप मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण साळूबाई पोराच्या तोंडावरून हात फिरवत एकदाच बोलली, “हत्यार उचलायला नको हुतं.”

पुन्हा ती ते कधी बोलली नाही. भांडणातसुद्धा नाही. पण आकारामनं ते ऐकलं होतं आणि तेवढं त्याला पुरलं. तेव्हापासून त्याचं बोलणं आटलं. दर खंडेनवमीला पूजा साळूबाई स्वतः मांडायची आणि दिवसभर तिथंच उंबऱ्यात बसून राहायची. क्रांतीचं लग्न होऊन ती सांगलीला गेली तरी यात फरक पडला नाही. आता एवढी एकच राहिली होती ना. गावातल्या एस.टी.डी.च्या बूथवरून साळूबाई आठवड्याला सांगलीला फोन लावायची, क्रांतीच्या शेजाऱ्यांकडं. पोरीचा आवाज आला की निम्मं बोलून ठेवून द्यायची.

मी सांगतोय तो दिवस नव्वदीच्या मधल्या एका सालातला. खंडेनवमीची दुपार. रस्ता सुना. मी टायरवर, साळूबाई उंबऱ्यात, आकाराम खाटेवर. चाफळच्या अंगानं एक पांढरी अँबॅसडर आली ती एका बाजूला कलंडत, झेंडूचे हार उधळत, आणि शेडपुढं येऊन बसलीच. गाडी हाकणारा भाऊसो म्हणून एक ऊसवाला, पलीकडच्या वाडीतला. मागच्या सीटवर त्याची बायको आणि तिच्या मांडीवर आठ-नऊ वर्षांची पोरगी. पोरीचा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झाला होता.

“घोणस चावलीया,” भाऊसो म्हणाला. “डॉक्टर म्हनला, हितं थांबू नका, कराडला पळवा. आकारामदादा, चाक बघा.”

आकारामनं वाकून बघितलं. सकाळी गाडी धुवून पुजताना भाऊसोच्या घरच्यांनी हार बांधला होता, तो नायलॉनच्या सुतळीत ओवलेला. एक टोक बंपरला आणि दुसरं चाकाला, ट्यूबच्या हवा भरायच्या नळीला गुंडाळलेलं. शोभा! पोरीची किंकाळी ऐकून हा जो गाडीत बसला तो हार न तोडताच निघाला. चाक फिरलं, सुतळीनं नळी ओढली, आणि बुडाशी रबर फाटलं. वाटभर हवा जात राहिली. आकारामनं बोटाला थुंकी लावून नळीच्या बुडाशी धरलं. बुडबुडासुद्धा आला नाही, आत काही उरलंच नव्हतं. नळी बोटानं हलवली तशी लुळी पडली.

“ह्याला ठिगळ बसत न्हाई,” तो म्हणाला. “स्टेपनी लावा.”

भाऊसोनं खाली बघितलं. “स्टेपनी घरी ऱ्हायली. जॅक, पान्हा समदं सोप्यात मांडून पुजलंय.”

मला असा संताप आला की त्याला दोन शिव्या हासडाव्यात. पण बोलणार कुणाला? आमच्या मागं गोणपाटावर तेच तर मांडलेलं होतं.

तेवढ्यात आकारामनं एक खटपट करून बघितली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आणली, ब्लेडनं, ते पूजेत नव्हतं, आणि नळीच्या बुडाशी करकचून बांधली. पण हवा भरायची कशानं? पंपावर झेंडू होता. तो तसाच पट्टीचं टोक हातात धरून बसला. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. एक बैलगाडी तेवढी येताना दिसली. एस.टी.चं मला विचारू नका, ती नुकतीच गेली होती. सायकलवरून गावात जाऊन दुसरी गाडी आणायची तर तेवढा वेळ पोरीकडं आहे असं तिच्याकडं बघून वाटत नव्हतं. तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. आई पदरानं पुसत होती.

“दादा, तुमच्या पाया पडतो,” भाऊसो म्हणाला.

हेच शब्द त्या ट्रकवाल्याचे होते. आकारामचा चेहरा मी बघितला. त्याला पोरगीही दिसत होती आणि सांगलीची क्रांतीही. क्रांतीला तेव्हा दिवस गेलेले होते. त्यानं साळूबाईकडं बघितलं. आज्ञा मागावी तसं नाही, बघितलं आणि मान खाली घातली. हा माणूस लढाई बघून आलेला. पण त्या गोणपाटाकडं पाऊल टाकायचा त्याला धीर होईना, आणि मला त्याची कीव आली.

साळूबाई उंबऱ्यातून उठली. गाडीपाशी गेली, पोरीच्या कपाळाला हात लावला. मग गोणपाटापाशी येऊन देवाला हात जोडले, झेंडू बाजूला सारला आणि टॉमी उचलली. पदरानं कुंकू पुसायला गेली, ते पुरतं निघालं नाही. तशीच तिनं ती आकारामपुढं धरली.

“साळे,” तो म्हणाला, “क्रांती…”

“हत्यार मी उचललंय,” ती म्हणाली. “काय व्हायचं ते माझ्या नावावर. तुमी चाक करा.”

मग आकारामचे हात काय चालले! जॅक लावला, नट सोडले, टॉमीनं टायरची कड उचलून फाटकी ट्यूब ओढून काढली. भिंतीवर अँबॅसडरची एक जुनी ट्यूब टांगलेली होती, ठिगळाची, पण नळी शाबूत. ती घातली. पंप मी मारला, छातीत कळ येईपर्यंत मारला. टॉमीवरचं कुंकू टायरच्या कडेला लागलं होतं ते तसंच फिरत कराडला गेलं.

पोरगी वाचली. महिनाभर दवाखान्यात होती, पण वाचली. भाऊसो पेढे घेऊन आला तेव्हा साळूबाईनं एक पेढा देवापुढं ठेवला आणि बाकीचे मला दिले. तिचं लक्ष पेढ्यांत नव्हतं. पुढच्या खंडेनवमीपर्यंत घरात काही विपरीत होतंय का ते बघायचं तिचं वर्ष सुरू झालं होतं.

त्या वर्षात ती काय जगली ते तिचं तिला माहीत. दिवाळी आली तशी ती जेवेनाशी झाली. आठवड्याचा फोन आता एक दिवसाआड व्हायला लागला. गावात बाया कुजबुजायच्या, बघा, पुन्हा हत्यार उचललं म्हणं. जिभेला काय हाड असतं? क्रांती बाळंतपणाला माहेरी आली तर साळूबाई तिला उंबऱ्याबाहेर एकटी जाऊ देईना. कराडच्या दवाखान्यात कळा सुरू झाल्या तेव्हा ती व्हरांड्यात फरशीवर बसून होती, आणि आकाराम खांबाला टेकून उभा. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. तरी साळूबाईच्या तोंडावर हसू आलं नाही. वर्ष अजून भरायचं होतं.

पुढची खंडेनवमी आली. क्रांती पोरीला घेऊन सणाला आलेली. साळूबाईनं नेहमीसारखं गोणपाट अंथरलं, हत्यारं धुवून मांडली, झेंडू वाहिला. टॉमीला कुंकू लावताना तिचा हात थांबला. मग तिनं हाक मारली, “आवं, हिकडं या.”

आकाराम आला.

“वरीस भरलं,” ती म्हणाली. “हत्यार म्या उचललं हुतं. क्रांती हाय. नात हाय. कुनाला काय झालं न्हाई.”

“व्हय,” तो म्हणाला.

“मग आपला शंभूबी तुमच्यामुळं गेला न्हाई.”

आकाराम तिच्या तोंडाकडं बघत राहिला. “न्हाई?” त्यानं विचारलं. खरंच विचारलं, पोरानं आईला विचारावं तसं.

“न्हाई,” ती म्हणाली. “म्या तवा उगाच बोलले. एवढी वर्सं तुमी ते वाहिलंसा.”

तो तिथंच गोणपाटाच्या कडेला बसला आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. साळूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, कुंकवाच्या बोटांनी. सदऱ्यावर डाग पडला. मी उठलो आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, एस.टी. यायची वेळ नव्हती तरी.